तात्यांची मान आणि माझी

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फिजिओथेरपीवाली एक पोरसवदा मुलगी खाटेपाशी आली आणि म्हणाली, "काकू, उठायचं बरं का. पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारू." मी तिच्याकडे बघतच राहिले. आदल्या दुपारी माझा गळा पुढून उघडून मानेतल्या दोन गाद्या काढल्या होत्या, त्यांच्या जागी दोन छोटे पिंजरे बसवले होते आणि वरून टायटॅनियमची पट्टी सहा स्क्रूंनी आवळली होती. आणि ही फेऱ्या मारायच्या म्हणते! मी उठले, चाललेही. पण चालताना डोळ्यांपुढे ठाण्यातलं ते चकचकीत खाजगी रुग्णालय नव्हतंच. होता तो १९८३ सालचा, मुंबईतल्या पालिकेच्या रुग्णालयातला लांबलचक वॉर्ड. तिथं माझे वडील डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून बारा दिवस छताकडे बघत पडले होते.

वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. गाव पाटण तालुक्यात, बिऱ्हाड घोडपदेवला, आणि काम मस्जिद बंदरला माथाडीचं. माथाडी या शब्दातच माथा आहे. पण खरा भार माथ्यावर कमी आणि मानेच्या मुळाशी जास्त, हे तात्यांची पाठ चोळताना मला लहानपणीच कळलं होतं. तिथं त्यांना बैलाच्या खांद्यासारखा घट्टा पडलेला होता. तांदळाचं, साखरेचं पोतं १०० किलोचं. दोघांनी उचलून द्यायचं, तिसऱ्यानं मानेवर घ्यायचं, फळीवरून चढायचं आणि थप्पीला लावायचं. दिवसात किती पोती व्हायची ते तात्या कधी मोजत नसत, मुकादम मोजायचा. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यानं मंडळ आलं, हजेरी आली, प्रॉव्हिडंट फंड आला. माणसानं उचलायचं ओझं ५५ किलोच्या वर असू नये अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच केली होती. आमच्या बंदरावरच्या पोत्याला मात्र ती बरीच वर्षं ऐकू आली नाही.

तात्यांचं दुखणं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही, कारण मान दुखणं हे त्या घरात दुखण्यात धरलंच जात नव्हतं. मान धरली की आई तव्यावर खडेमीठ तापवून फडक्यात बांधायची आणि शेकायची. निर्गुंडीचा पाला असायचा. उसण भरली तर चाळीतल्या पायाळू बाईला बोलवायचे आणि ती पाठीवरून पाय फिरवायची. आणि महिन्यातून एकदा नाक्यावरचा न्हावी. दाढी झाली की तो डोक्याला तेल थापायचा, हनुवटी एका हातात आणि टाळू दुसऱ्या हातात धरायचा आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे कडाड्‌कन मोडायचा. तात्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसायचं ते मी विसरलेले नाही. आज ते आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो. ज्या मानेत मज्जारज्जू आधीच चेपला गेलाय ती मान अशी झटक्यानं फिरवणं म्हणजे काय, हे ना त्या न्हाव्याला ठाऊक होतं ना आम्हाला.

मग बिडी बोटांतून गळायला लागली. शर्टाचं बटण लावायला आई लागायला लागली. पायातली चप्पल सुटून मागं राहायची आणि तात्या चार पावलं पुढे गेलेले असायचे, त्यांना पत्ताच नसायचा. आम्ही पोरं हसायचो. तेही हसायचे. "वय झालं," म्हणायचे. वय बेचाळीस.

चाळीस वर्षांनी हेच माझ्या बाबतीत झालं तेव्हा मी एका सहकारी बँकेत कॅशला बसत होते. आधी उजव्या हातात कळ यायची, खांद्यापासून अंगठ्यापर्यंत. ती मी दोन वर्षं काढली, डोंबिवली लोकलच्या दांड्याला लटकण्यावर ढकलून. नंतर नोटा मोजताना बोटं अडखळायला लागली. बँकेत माझी मोजणी नावाजलेली होती आणि आता दहाच्या बंडलात एक नोट जास्त जायला लागली. एके दिवशी शाखेच्या पायरीवर माझी चप्पल मागं राहिली. शिपायानं आणून दिली. मी त्या चपलेकडे बघत उभी राहिले आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतली. एवढा एक वारसा तात्यांकडून वेळेवर कामाला आला.

माझं निदान झालं अर्ध्या तासात. एमआरआयच्या बोगद्यात शिरले, ठकठक ऐकली, बाहेर आले. पडद्यावर मान उभी चिरल्यासारखी दिसत होती. पांढऱ्या पाण्यातून जाणारी मज्जारज्जूची करडी दोरी, आणि पाचव्या-सहाव्या व सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये ती चिमटीत धरल्यासारखी बारीक झालेली. आपल्याकडे याला सगळे "मणक्यात गॅप आलीय" म्हणतात. मीही म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, उलटं आहे, गॅप होती तीच गेलीय. गादी बसली, हाडाला कंगोरे फुटले, आता दोरीला जागा उरली नाही.

तात्यांच्या वेळी ही दोरी दिसावी म्हणून काय काय करावं लागलं होतं! साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, दोरी दिसत नाही. म्हणून कमरेच्या मणक्यात सुई घालून तेलकट औषध सोडायचं, माणसाला एका हलत्या टेबलावर पट्ट्यांनी बांधायचं आणि टेबल डोक्याकडून खाली करायचं, म्हणजे ते औषध ओघळत मानेपर्यंत जातं. मग फोटो. काम झालं की टेबल परत उलटं आणि औषध सुईनं होईल तेवढं काढून घ्यायचं. त्यानंतर तीन दिवस तात्यांचं डोकं असं दुखलं की त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि कोणाशी बोलले नाहीत. सीटी स्कॅन नावाचं यंत्र लंडनमध्ये १९७१ साली पहिल्यांदा माणसावर चाललं होतं, १९७९ साली त्याला नोबेलही मिळालं होतं. पण पालिकेच्या रुग्णालयातल्या हमालापर्यंत ते यायचं होतं.

त्याआधी दीड महिना वजनं लावून झाली होती. ओपीडीत एका स्टुलावर बसवायचे, हनुवटीखाली कातडी पट्टा, वर कप्पी, आणि कप्पीवरून गेलेल्या दोरीला मागं वजनं. तात्यांना त्याचं फार हसू यायचं. "जल्मभर मानंवर वजन घेतलं, आता मानंला वजन लावत्यात," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

ऑपरेशन ठरलं तेव्हा चाळीत एकच वाक्य फिरत होतं: मानेचं ऑपरेशन म्हणजे माणूस लुळा पडतो. माझं ठरलं तेव्हा व्हॉट्सॲपवर नातेवाइकांच्या गटात पहिला निरोप आला तो याच वाक्याचा. चाळीस वर्षांत वाक्याचा एक शब्द बदललेला नव्हता, फक्त खाली हात जोडल्याची चित्रं आली होती.

मला लहानपणी पडलेलं एक कोडं या वेळी सुटलं. दुखणं मानेच्या मागच्या बाजूला, मग तात्यांचा व्रण गळ्यावर पुढं कसा? डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मागून गेलं तर वाटेत मज्जारज्जू आडवा येतो. पुढून गेलं की श्वासनलिका आणि अन्ननलिका एका अंगाला सारायच्या, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या अंगाला, आणि थेट गादीवर पोचायचं. दोरीला हात न लावता तिच्यावरचा दाब काढता येतो. ही वाट १९५०च्या दशकात अमेरिकेत रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी दाखवली, आणि हवाईमध्ये राल्फ क्लोवर्ड यांनी आपल्या पद्धतीनं. तात्यांचं ऑपरेशन त्याच वाटेनं झालं, माझंही त्याच वाटेनं. फरक वाटेत नाही, मुक्कामावर जे ठेवलं त्यात आहे.

तात्यांच्या मानेत ठेवलं ते त्यांच्याच कमरेचं हाड. पुढच्या बाजूला कमरेच्या हाडाची जी कड हाताला लागते तिथून तुकडा छिन्नीनं काढायचा आणि दोन मणक्यांमध्ये पाचरीसारखा ठोकून बसवायचा. पट्टी नाही, स्क्रू नाही. तो तुकडा तिथं रुजेपर्यंत मान हलता कामा नये, म्हणून वाळूच्या पिशव्या आणि म्हणून नंतर तीन महिने तो पट्टा. साधा नव्हे, छाती-पाठीवर एकेक फळी आणि त्यांच्यातून हनुवटीला व डोक्याच्या मागच्या भागाला टेकू देणारे चार खांब. शुद्धीवर आल्यावर तात्यांचं पहिलं वाक्य होतं, "मान न्हाय दुखत, पर कंबर मारतीया." पुढे वर्षभर ते मानेपेक्षा कमरेचीच तक्रार करत राहिले. माझ्या कमरेला कुणी हात लावला नाही. माझेच काढलेले कंगोरे दळून पिंजऱ्यात भरले.

एका बाबतीत मात्र काहीच बदललेलं नाही. हाड जुळायला लागतात ते महिने तेवढेच लागतात. रुग्णालयातला मुक्काम तीन आठवड्यांवरून दोन दिवसांवर आला आणि गळ्यावरचा व्रण सुरकुतीत लपला, पण हाडाला घाई करता येत नाही. आणि तंबाखू हाडाला तेव्हाही चालत नव्हती, आताही चालत नाही. तात्यांना डॉक्टरांनी बिडी बंद सांगितली होती. माझे धाकटे काका गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झालेला आणि मिटायचं नाव नाही, म्हणून दिवसभर तात्यांच्या उशाशी बसायला माणूस फुकट मिळाला होता. सिस्टरची पाठ फिरली की हेच काका बिडी पेटवून तात्यांच्या ओठांत धरायचे. मला माझ्या डॉक्टरांनी विचारलं, "मिश्री लावता का?" बँकेतली बाई, इस्त्रीची साडी, मुलगी पुण्यात इंजिनिअर. मी जरा वेळ गप्प बसले आणि म्हटलं, "लावते." विसाव्या वर्षापासून. ऑपरेशनआधी सहा आठवडे डबी बंद आणि नंतरही बंद. ऑपरेशनला मी फारशी घाबरले नाही, पण सकाळी उठल्यावर बोट कुठं घालावं हे मला दोन महिने कळत नव्हतं.

घास गिळायला त्रास तेव्हाही होता, आताही झाला. अन्ननलिका बाजूला ओढलेली असते, ती रुसते. तात्यांना आई डब्यातून पेज आणायची, घोडपदेवहून चालत, चार ते सहा या भेटायच्या वेळेत. मला मुलीनं आइस्क्रीम भरवलं. माझा आवाज पंधरा दिवस घोगरा होता, मग सुटला. तात्यांचा सुटला नाही. ते चाळीच्या भजनी मंडळात वरच्या पट्टीत म्हणायचे. स्वरयंत्राची नस त्याच वाटेत असते, ती दुखावली असणार. परतल्यावर त्यांनी एकदा सुरुवात केली, आवाज मध्येच फाटला, ते थांबले आणि शेजाऱ्याच्या हातातले टाळ घेतले. पुढची पंचवीस वर्षं ते टाळच वाजवत होते. याविषयी मी त्यांना कधी काही बोलताना ऐकलं नाही.

जुन्यातलं मला काही परत नको, हे सांगून टाकलेलं बरं. ती सुई नको, ते हलतं टेबल नको, ती छिन्नी तर नकोच. जुन्या दवाखान्यांच्या आठवणींनी गहिवरणारी माणसं बहुधा तिथं भेटायला गेलेली असतात, पडलेली नसतात. तरी एक गोष्ट आठवते. तात्यांची टोळी. अठरा माणसं. रविवारी पांढऱ्या टोप्या घालून सगळे एकदम यायचे, वॉर्डबॉय दोघा-दोघांना सोडायचा आणि बाकीचे जिन्यावर बसायचे. साडेतीन महिने त्यांनी पगाराच्या दिवशी तात्यांचा वाटा काढून आईच्या हातात आणून दिला. कायद्यात तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. माणूस अंथरुणावर आहे म्हणजे टोळीत आहेच, एवढाच त्यांचा हिशेब. मी घरी आले त्याच्या चौथ्या दिवशी शाखेतून फोन आला: मॅडम, आता रोबोटनं करतात म्हणे सगळं, मग जॉइन कधी होताय? रोबोट नव्हता. ज्या दिवशी सोडलं त्या दिवशीही सकाळी नऊला डिस्चार्ज लिहिला आणि विम्याची मंजुरी येऊन मी बाहेर पडले संध्याकाळी सहाला. तो अख्खा दिवस ताठ मानेनं खुर्चीत बसून काढला. बिल साडेतीन लाखांवर गेलं होतं. तात्यांच्या वेळी घरातून गेल्या त्या नातेवाइकांच्या रक्ताच्या दोन बाटल्या.

सहा आठवड्यांनी ती फिजिओथेरपीवाली मुलगी पुन्हा भेटली. मान वळवायला सांगितली. मी वळवेना. मला वाटलं, जुळवलेली मान आहे, वळायची नाहीच. ती म्हणाली, "काकू, मानेचं वळणं निम्मं तर अगदी वरच्या दोन मणक्यांत होतं. तुमचे जुळवलेत ते खालचे. वरचे तसेच आहेत, त्यांना कामाला लावा." भिंतीला पाठ टेकवून तिनं डावीकडे, उजवीकडे, इंच-इंच करत मान फिरवून घेतली. आठवडाभरात मला रस्ता ओलांडताना गाडी दिसायला लागली. वरच्या-खालच्या सांध्यांवर ताण येतो, शंभरातल्या तिघांना दर वर्षी तिथं नवीन त्रास निघतो, म्हणून व्यायाम सोडायचा नाही, हेही तिनंच बजावलं.

मी तिला तात्यांचं सांगितलं. पट्टा निघाल्यावर त्यांची मान कधीच वळली नाही. हाक मारली की खांद्यांसकट, कमरेसकट वळायचे. गावच्या देवळात कळसाला नमस्कार करायला बाकीच्यांपेक्षा दहा पावलं मागं जाऊन उभे राहायचे, कारण मान वर होत नसे. तिनं विचारलं, "त्यांना व्यायाम कोणी शिकवला होता?" न बघितलेल्या माणसाबद्दल ती पुढे काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

कारण तो केसपेपर मला पाठ आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाखाली होता. मी आठवीत होते आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. त्यावर शेवटी लिहिलेलं होतं, 'रिव्ह्यू आफ्टर थ्री मन्थ्स', आणि त्याखाली फिजिओथेरपी विभागाचा खोली क्रमांक. रिव्ह्यू हा शब्द मला माहीत नव्हता. थ्री मन्थ्स माहीत होतं. मी तात्यांना सांगितलं, "तीन महिन्यांनी पट्टा काढायचा." तीन महिने झाले तेव्हा ते गावी होते, भाताचा तरवा टाकायची घाई होती. त्यांनी अंगणात बसून स्वतःच्या हातानं पट्टा सोडला आणि गोठ्याच्या खुंटीला लावला. पावसाळा संपल्यावर मुंबईला आले. टोळीनं पुन्हा पोतं मानेवर घेऊ दिलं नाही, दाभण-सुतळी देऊन पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. बोटं सुधारली होती, दाभण धरता येत होतं. सगळ्यांना वाटलं, माणूस बरा झाला. तोही तसंच समजत होता. "मान हलवायची न्हाय" असं डॉक्टरांनी त्याला खाटेवर सांगितलेलं होतं, आणि आता हलव असं सांगणारं त्याला कोणी भेटलं नाही.

माझा सहा महिन्यांचा एक्स-रे जुलैमध्ये झाला. हाड जुळलंय. मान दोन्हीकडे वळते, वर थोडी कमी. नोटा मोजते, पण पूर्वीच्या वेगानं नाही.

तात्या २००९ साली गेले. शेवटपर्यंत मागून कोणी हाक मारली की ते आख्खे वळायचे.